पुरातत्त्व आणि अभिजात जग : अभ्यासाचा आरंभ

विद्यापीठात पुरातत्त्वशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. ग्रीस व रोम यांच्या अभिजात जगाचा भारतीय अभ्यासकाशी संबंध काय? इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतील भारत-रोम व्यापार हे या प्रश्नाचे समर्पक उत्तर आहे. ग्रंथ आणि उत्खनन या दोन साक्षी परस्परांवर कशा पारखून घ्याव्यात, याचा वस्तुपाठही त्यातून मिळतो.

ग्रंथांची साक्ष

'पेरिप्लस' हा पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथ सागरी मार्ग, बंदरे आणि तेथील मालाची माहिती देतो. त्यात बॅरिगाझा (भडोच), पैठण, तगर (तेर) आणि मिऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले केरळचे मुझिरिस बंदर यांचा उल्लेख आहे. भूगोलकार स्ट्रॅबोच्या मते, तांबड्या समुद्रावरील मायोस होर्मोस बंदरातून भारताकडे १२० जहाजे जात. रोमन लेखक प्लिनी मात्र तक्रारीच्या सुरात लिहितो. भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून किमान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, असे त्याचे म्हणणे आहे.

जमिनीची साक्ष

पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे १९४५ मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. इटलीत बनलेली तांबडी, झिलईदार भांडी आणि मद्य वाहून नेण्याचे अँफोरा कुंभ तेथे सापडले. इटलीतील भांड्यांचा काळ ज्ञात असल्याने त्याच थरांतील स्थानिक भांड्यांचा काळही ठरवता आला. दक्षिण भारताच्या कालक्रमाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. व्हीलर यांनी या स्थळाला रोमन व्यापारी ठाणे मानले. परंतु १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगले यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा उत्खनन झाले, तेव्हा ही वसाहत रोमन संपर्काच्या आधीपासूनची असल्याचे दिसून आले. बाहेरच्यांनी वसवलेले ठाणे नव्हे, तर परकीय व्यापार सामावून घेणारे स्थानिक बंदर, असे तिचे स्वरूप पुढे आले.

हा पुरावा एकाच किनाऱ्यावर आढळत नाही. इजिप्तमधील बेरेनिके येथे भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी मिळाली. तेथेच २०२२ मध्ये बुद्धमूर्तीही सापडली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती याच संपर्काची खूण होय.

आकड्यांची कसोटी

व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसात मुझिरिसहून आलेल्या 'हर्मापोलॉन' या जहाजाच्या मालाचा हिशेब आहे. त्यातील किंमत सुमारे ७० लाख सेस्टर्स भरते. आयात मालावर रोमन शासन २५ टक्के कर घेई. आता प्लिनीचा आकडा या हिशेबाशेजारी ठेवला, तर अशा सात-आठ जहाजांच्या मालातच ५ कोटी पूर्ण होतात. मग स्ट्रॅबोच्या १२० जहाजांचे काय?

एक साक्ष खोटी ठरवून हा पेच सुटत नाही. सर्वच जहाजे एवढी मोठी नसावीत. प्लिनीचा आकडा साम्राज्याबाहेर गेलेल्या पैशाचा आहे, तर पपायरसातील किंमत इजिप्तमध्ये पोचलेल्या मालाची आहे. भारतीय माल रोममध्ये मूळ किमतीच्या शंभरपट दराने विकला जातो, असे प्लिनी स्वतःच सांगतो. शिवाय त्याचा उद्देश चैनीवर टीका करण्याचा होता, जकातीचा ताळेबंद मांडण्याचा नव्हता. त्यामुळे 'रोमचे सोने भारतात वाहून गेले' हे परिचित विधान उत्तरपत्रिकेत लिहिताना ते कोणी, कशासाठी लिहिले, हे विद्यार्थ्यांनी आवर्जून नमूद करावे.

अभ्यासाची पूर्वतयारी

या विषयासाठी स्तररचना, मृद्भांडी आणि कालमापन यांचे ज्ञान आवश्यक आहेच. त्याबरोबर ग्रीक, लॅटिन, प्राकृत, तमिळ यांपैकी एखाद्या भाषेचा परिचय असल्यास मूळ साधनांपर्यंत पोचता येते. पुण्याचे डेक्कन कॉलेज व बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ येथे पुरातत्त्वाच्या अध्यापनाची दीर्घ परंपरा आहे.

ग्रंथ पुन्हा वाचता येतो, खणलेला थर मात्र पुन्हा खणता येत नाही. नोंद न करता उचललेली वस्तू आपला संदर्भ कायमचा गमावते. अरिकमेडूचा अर्थ बदलता आला, कारण स्थळाचा काही भाग न खणता शिल्लक होता आणि आधीच्या नोंदीही उपलब्ध होत्या. पुढील पिढीला आपले निष्कर्ष तपासता यावेत इतकी काटेकोर नोंद ठेवणे, हाच या विद्याशाखेचा पहिला धडा आहे.