लडलोच्या राखेतून : जनसंपर्काचे धडे

२० एप्रिल १९१४. अमेरिकेतील कोलोरॅडोत लडलो येथे संपकरी कोळसा खाणकामगारांच्या तंबूवस्तीवर नॅशनल गार्डने गोळीबार केला. वस्तीला आग लागली. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात लपलेल्या २ स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेली. मुख्य खाणकंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यात होती. देशभर संताप उसळल्यावर धाकट्या रॉकफेलरने जनसंपर्कतज्ज्ञ आयव्ही लीला पाचारण केले.

▪ आकडे तपासा : लीने संपाविषयी पत्रके काढली. त्यात संघटनेच्या नेत्यांचा वर्षाचा पगार नऊ आठवड्यांचा म्हणून छापला गेला. कंपनीने दिलेली माहिती आपण पडताळली नव्हती, हे त्याने चौकशी आयोगापुढे मान्य केले. गेलेली पत परत आली नाही.

▪ जागेवर जा : सप्टेंबर १९१५मध्ये रॉकफेलर स्वतः कोलोरॅडोत गेला, खाणीत उतरला, कामगारांच्या पंगतीला बसला. पत्रकांच्या गठ्ठ्यांपेक्षा त्या भेटीचा परिणाम मोठा झाला. मात्र तोवर दीड वर्ष उलटले होते.

▪ हक्काला पर्याय नाही : रॉकफेलरचा कामगारविषयक सल्लागार मॅकेंझी किंग याच्या योजनेनुसार कामगार प्रतिनिधी निवडू लागले, पण त्यांच्या स्वतंत्र संघटनेला मान्यता मिळाली नाही. १९३५च्या वॅग्नर कायद्याने मालकांच्या मुठीतल्या अशा संघटनांवर बंदी घातली.

तो खड्डा आजही लडलोच्या स्मारकाशेजारी जपून ठेवला आहे. कामगारांचे म्हणणे वेळीच ऐकणे, हाच खरा जनसंपर्क.