दोन चाकं, चार लिटर पाणी आणि घोडेगाव

वीकेण्डला सायकल काढायची तर काढा. पण आधी पाण्याचा हिशेब मांडा!

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात एसी फुल्ल, डोकं मात्र तापलेलं. तेवढ्यात शेजारच्या क्युबिकलमधून मित्राची हाक, 'ए, हे बघ!' त्याच्या स्क्रीनवर अमेरिकेतलं मोआब. युटा राज्यातलं, वाळवंटातलं चिमुकलं गाव. १९५०च्या दशकात ते युरेनियमच्या खाणींवर गजबजलं. पुढे खाणी थंडावल्या आणि १९८०च्या दशकापासून माउंटन बाइकवाल्यांनी गावाला पुन्हा जाग आणली. लालभडक खडक, त्यावरून सुटलेल्या सायकली, वर निळंशार आकाश... आणि मग विमानाच्या तिकिटाचा आकडा. स्क्रीन बंद!

पण बॉस, उघडंबोडकं माळरान, मोकळं आकाश आणि धुळीचे रस्ते एवढंच हवं असेल तर युटा कशाला? आपलं नगर आहे की! २०२४पासून अधिकृत नाव अहिल्यानगर. तिथून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की जेऊर, इमामपूर घाट, पांढरी पूल आणि मग नेवासे तालुक्यातलं घोडेगाव. नगरपासून साधारण ३५ किलोमीटर. (भीमाशंकरच्या वाटेवरचं घोडेगाव वेगळं. नकाशात गफलत करू नका!)

आधीच सांगून टाकते, हे वाळवंट नाही. पर्जन्यछायेतला मुलूख आहे. मोआबला वर्षाला अडीचशे मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, नगरच्या या पट्ट्यात पाच-सहाशे. मुळा धरणाचा कालवा जिथे पोचला तिथे हिरवागार ऊस, जिथे नाही तिथे बाभळी, कुसळं आणि मुरूम. एकाच राइडमध्ये दोन्ही दिसतं. आणखी एक गोष्ट, घोडेगाव कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजाराचं गाव आहे, सायकलवाल्यांचं नाही. आखलेले ट्रेल, बाणांच्या पाट्या, भाड्याच्या सायकली यांची आशा धरू नका. सगळा बंदोबस्त आपला आपण करायचा.

आमची फजिती

हा बंदोबस्त आम्ही एकदा केला नव्हता. मार्चअखेर, आम्ही तिघं, प्रत्येकाकडे पाण्याच्या दोन बाटल्या. 'दोन तासांत परत येऊ' हा फंडा. पांढरी पुलाच्या अलीकडे डांबरी सोडून कच्च्या रस्त्याला लागलो. वाट चुकलो, दोन पंक्चर झाली आणि अकरा वाजता बाटल्या रिकाम्या. आमच्यातल्या एकाला गरगरायला लागलं.

एक वस्ती दिसली. ओट्यावर आजी बसल्या होत्या. त्यांनी काही विचारायच्या आधी कळशी पुढे केली. गुळाचा खडा दिला. 'आधी प्या पोरांनो. कुठं जायचं ते मागनं जावा.' आम्ही घटाघटा प्यायलो, तोंडं धुतली, बाटल्याही काठोकाठ भरून घेतल्या. मग मी सहज विचारलं, 'आजी, इथे नळ आहे का?' त्या हसल्या. 'नळ कुठला? टँकर येतो. आता परवा येईल.' कोपऱ्यातलं पिंप निम्म्यावर आलं होतं.

पैसे काढले तर आजी रागावल्याच. 'पाण्याचे कुठं पैशे घेत्यात व्हय?' परतताना तिघांपैकी कोणी बोललं नाही. आमच्या धाडसाची किंमत दुसऱ्याच्या पिंपातून गेली होती.

तेव्हापासून आमचं प्लॅनिंग पाण्यापासून सुरू होतं.

पाण्याचं गणित

सायकल चालवताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. चार तासांच्या राइडला तीन लिटर, वर एक लिटर राखीव. म्हणजे माणशी चार लिटर, सोबत ओआरएसची पाकिटं. अर्धं पाणी संपलं की परत फिरायचं, मग टेकडी कितीही जवळ दिसो. सोबतच्याचं बोलणं असंबद्ध व्हायला लागलं किंवा अंग तापून घाम थांबला, तर तो उष्माघात समजा. लगेच सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी घाला आणि १०८ला फोन लावा.

कधी जाल?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात काळी माती चाकांना अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मार्चनंतर सकाळी दहाच्या आत परत. हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. त्यामुळे अंधार पडल्यावर हायवेवर सायकल नकोच.

दोन दिवसांचा बेत

अर्ध्या दिवसाची रजा मिळाली तर शुक्रवारीच पोचा. घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. म्हशींचा सौदा बघणं हा कुठल्याही मॅनेजमेंट ट्रेनिंगपेक्षा भारी अनुभव!

शनिवारी पहाटे नेवाशाकडे. अंतर पंचवीसएक किलोमीटर, सायकलने किंवा गाडीने. ज्ञानेश्वरी इथेच शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. तो पैस खांब बघा. १९५४ ते १९५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांनी इथे उत्खनन केलं आणि इथल्या अश्मयुगीन हत्यारांवरून 'नेवासियन' हे नाव अभ्यासात रुजलं. जमल्यास पुढे प्रवरासंगम. तिथे प्रवरा गोदावरीला मिळते.

रविवारी उजाडताच शनिशिंगणापूर, घोडेगावपासून पाच-सहा किलोमीटरवर. बिनदाराच्या घरांचं गाव म्हणून प्रसिद्ध. २०११ मध्ये इथे बँकेची शाखा निघाली, तीही बिनकुलपाची! शनिवारी आणि शनी अमावास्येला गर्दी उसळते, म्हणून रविवार. तिथून सोनईपर्यंत उसातून जाऊन परत. वाटेत रसवंती दिसली की ब्रेक! राहायला शिंगणापूरला भक्तनिवास आणि लॉज आहेत. खोली आधी फोनवर पक्की करा.

सॅकमध्ये काय?

हेल्मेट हवंच. पुढे सस्पेन्शनवाली साधी एमटीबी पुरते. दोन इंचांच्या आसपासचे टायर घ्या, कारण मुरमावर बारीक टायर सटकतो. बाभळीचा काटा इथला खरा शत्रू. माणशी दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप, चेनची जोडकडी आणि काटा उपसायला चिमटा ठेवा. उभ्या पिकातून सायकल घालू नका, बांधावरून जायचं तर शेतकऱ्याला विचारा. वनखात्याच्या हद्दीत परवानगी घ्या.

आणि कुणी कळशी पुढे केलीच, तर दोन घोट जरूर घ्या. नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. बाटली मात्र घरूनच भरून न्या.