जुनी गाडी, नवी पाटी

माणसाचे नाव आईबाप ठेवतात. मोटारीचे नाव सरकार ठेवते. तीन अक्षरे, चार आकडे, एवढेच ते रुक्ष नाव. परंतु एखादी गाडी घरात तीस-चाळीस वर्षे नांदली, की तेच नाव घरच्या मंडळींच्या ओठांवर खेळू लागते. मुंबईतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा वृत्तपत्रांनी तिचा एमएच-०१-जेए-२५५६ हा क्रमांक एखाद्या निवृत्त होणाऱ्या गृहस्थाचे नाव छापावे तसा छापला होता. आमच्या खडोलीतही नुकतेच एका गाडीचे दुसऱ्यांदा बारसे झाले. त्याची ही हकिगत.

आमचे शेजारी येथील एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांचे थोरले बंधू ठाण्यास असत. ते अविवाहित होते. त्यांच्या निधनानंतर त्यांची १९६८ सालची फियाट धाकट्या भावाकडे आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी. रंग थोडा उडालेला, पण यंत्र ठणठणीत. पाट्या मात्र जुन्या रिवाजाच्या: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, आणि मराठीच्या अभिमानापोटी बंधूंनी पेंटरकडून रंगवून घेतलेले देवनागरी आकडे.

"सर, ही पाटी अशीच राहू द्यायची आहे. दादांची तेवढीच खूण," शेजारी म्हणाले. "तुम्ही मराठीचे. तुम्हीच सांगा, हरकत काय?"

आम्ही जन्मभर मुलांना देवनागरी गिरवायला लावली. 'हरकत कसली?' हेच उत्तर ओठांवर आले होते. पण त्याच वेळी एक जुना प्रसंग आठवला आणि आम्ही गप्प राहिलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका मुलीस शाळा सुटताना एका मोटारसायकलस्वाराने धडक दिली आणि तो पसार झाला. मुलीचा हात मोडला. प्रसंग पाहणारे तिघे होते. तिघांनीही पाटी वाचली होती. तिघांचे क्रमांक वेगळे निघाले, कारण पाटीवरचे आकडे देवनागरी होते आणि त्यातही वेलबुट्टीचे. साक्षीदारांत एक ट्रकचालक परप्रांतीय होता. त्याने देवनागरी एकाला इंग्रजी नऊ मानले आणि देवनागरी चाराला इंग्रजी आठ. ती मोटारसायकल शेवटपर्यंत सापडली नाही. मुलीच्या वडिलांनी आम्हाला विचारले होते, "सर, एवढ्या लोकांनी पाहिलं, मग कुणालाच नंबर कसा नाही सांगता आला?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आमची वस्तीच अशी तिठ्यावरची. खडोलीच्या रस्त्यावर कारखान्यांची वाहने दिवसरात्र धावतात. त्यांत वलसाडकडची जीजे-१५ असते, वसई-पालघरकडची एमएच-४८ असते आणि आमची स्वतःचीही असते. येथे पाटी मराठी माणसाने वाचायची, गुजराती माणसाने वाचायची, आणि बिहारहून आलेल्या कामगारानेही वाचायची. घरावरची पाटी घरमालकाच्या हौसेची असते. वाहनावरची पाटी रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी असते. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अक्षरे इंग्रजी व आकडे आंतरराष्ट्रीय अंकांतच हवेत असे ठरविले, त्यात आमच्या भाषेचा अपमान नाही, हे आम्हाला त्या मुलीच्या मोडलेल्या हाताने शिकविले. शेजाऱ्यांना आम्ही तेच सांगितले. ते थोडे हिरमुसले, पण पटले त्यांना.

मग आम्ही दोघांनी नियम नीट समजून घेतले. इतर वाचकांच्या अंगणातही एखादी जुनी गाडी उभी असेल, म्हणून ते येथे देतो.

पहिली गोष्ट वारसाची. मालक वारल्यास ताबा घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे आणि ३ महिन्यांत गाडी आपल्या नावे करून घ्यावी. दुसरी गोष्ट पाटीची. खाजगी गाडीची काळी पाटी आता चालत नाही; पांढऱ्यावर काळी अक्षरे हवीत. मोटारीसाठी अक्षरांची उंची ६५, जाडी १० आणि दोन अक्षरांमधील अंतर १० मिलिमीटर ठरलेले आहे. पाटी ५०० बाय १२० किंवा ३४० बाय २०० मिलिमीटरची असते. ती ॲल्युमिनियमची व प्रकाश परतविणारी असून तिच्यावर अशोकचक्राचे चमकते चिन्ह आणि लेझरने कोरलेला स्वतंत्र अनुक्रमांक असतो. एकदा बसविली की मोडल्याशिवाय निघत नाही. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्या ही पाटी घेऊनच येतात. जुन्यांना ती मागाहून बसवून घ्यावी लागते. महाराष्ट्राने त्यासाठीची मुदत २०२५ सालात पुन्हा पुन्हा वाढविली, हे पुष्कळांस आठवत असेल. येथे रस्त्यावरच्या पेंटरचे काम उरलेले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक, खुद्द क्रमांकाची. १ जुलै १९८९ रोजी नवा मोटार वाहन कायदा अमलात आला आणि एमएच-०१ अशा तऱ्हेचे क्रमांक सुरू झाले. त्यापूर्वीचे तीन अक्षरी क्रमांक काही रद्द झाले नाहीत. पाटी बदलली तरी क्रमांक तोच राहतो. मात्र गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. फियाट आता खडोलीतच राहणार होती.

जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या खाजगी गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अशा गाडीची पुरातन वाहन म्हणून नोंद होते आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाड्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षांची. शेजाऱ्यांचे डोळे हे ऐकून लकाकले. पण पुढची अट होती: अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही. प्रदर्शन, पुरातन गाड्यांची फेरी, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावी.

शेजाऱ्यांच्या घरी नव्वदीच्या घरातील मातोश्री आहेत. महिन्यातून दोनदा त्यांना सिल्वासाला डॉक्टरांकडे न्यावे लागते. क्रमांक राखावा तर गाडी अंगणात उभी. गाडी चालवावी तर दादांचा क्रमांक गेला. आठ दिवस त्यांचा निर्णय होईना. अखेर मातोश्रींनीच तो केला. "अरे, लग्नात पोरीचं नाव बदलतात. म्हणून काय पोर बदलते? तो असता तर मला आधी गाडीत बसवून घेऊन गेला असता."

मूळ कार्यालयाच्या कागदी नोंदवहीतील नोंद आधी संगणकावर चढवावी लागली, कारण त्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही. मग वारसाचे हस्तांतर, ना हरकत प्रमाणपत्र, येथील तपासणी, नवी नोंदणी. चार महिने गेले. शेवटी डीडी-०१ने सुरू होणारा क्रमांक हाती आला. ही अक्षरेही आमच्याकडे नवीच. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीजांपासून मुक्त झालेला, १९६१ साली भारतात विलीन झालेला आमचा प्रदेश २६ जानेवारी २०२०पासून दमण व दीवशी जोडला गेला. तेव्हापासून डीएन-०९ जाऊन ही पाटी आली. गावाच्या कपाळावरची अक्षरे बदलली, गाव होते तेथेच राहिले.

दादांची काळी पाटी शेजाऱ्यांनी पुसून-लखलखून ओसरीत, त्यांच्या तसबिरीखाली टांगली आहे. देवनागरी आकडे तेथे शोभून दिसतात.

परवा सकाळी प्रार्थनेच्या वेळी फियाट शाळेवरून गेली. मागे मातोश्री बसल्या होत्या. फाटकापाशी उभ्या असलेल्या चौथीच्या एका मुलाने तिचा क्रमांक मोठ्याने, एकही आकडा न चुकता वाचला. आम्ही त्याला रांगेत जायला सांगितले, पण रागावलो नाही.