देवांशी अरेतुरे करणारा सेमार

गेल्या वर्षी वर्गात उत्तर देताना मी ‘व्हतं’ म्हणालो, सगळे हसले. तेव्हापासून हात वर करणे सोडले. मग ग्रंथालयात मला सेमार भेटला.

सेमार ही जावा बेटावरच्या ‘वायांग कुलित’ या छायानाट्यातली बाहुली. म्हशीचे कातडे कोरून बाहुल्या करतात, पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावतात, खाली आडव्या केळीच्या खुंटात त्यांच्या काठ्या खोचतात. एकटा ‘दालांग’ रात्रभर सगळ्या बाहुल्या नाचवतो, सगळ्यांचे आवाज काढतो, शिवाय पायाने धातूच्या पट्ट्या वाजवून वादकांना इशारे देतो. (दमत कसा नाही कोण जाणे!) कथा बहुधा महाभारत-रामायणाची, प्रेक्षक बहुतांशी मुसलमान. युनेस्कोने २००३ साली या कलेचा गौरव केला.

ढेरपोट्या सेमार हा पांडवांचा सेवक, व्यासांच्या महाभारतात नसलेला. जावानी भाषेत थोरामोठ्यांशी बोलायची ‘क्रामा’ वेगळी आणि घरगुती ‘न्गोको’ वेगळी. सेमार मात्र देवांशीही न्गोकोतच बोलतो. कारण मुळात तो बतारा गुरूचा, म्हणजे शंकराचा, थोरला भाऊ! मध्यरात्रीच्या सुमारास गारेंग, पेत्रुक, बागोंग या पोरांसह तो पडद्यावर येतो, तेव्हा पेंगणारे प्रेक्षकही उठून बसतात.