जीवन विमा : कोणता, कोणासाठी आणि कोणाकडून?

आपल्या समाजातील अनेक बांधव वेकोलिच्या खाणीत, औष्णिक वीज केंद्रात, कागद कारखान्यात, वन विभागात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीस आहेत. त्यांच्या पगारातून दरमहा विम्याचा हप्ता कापला जातो. हप्ता किती, हे बहुतेकांना तोंडपाठ असते. परंतु आपल्या पश्चात घरच्यांच्या हाती नेमकी किती रक्कम येईल, असे विचारल्यास चटकन उत्तर देणारे थोडेच. वास्तविक विम्याचा खरा प्रश्न हाच आहे. म्हणून विम्याचे प्रकार कोणते, ते विकले कसे जातात आणि घेणाऱ्याने काय पाहावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

बाबासाहेबांची मांडणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात विमा व्यवसाय केवळ राज्याकडे असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे, अशी मागणी होती. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. २४५ देशी-विदेशी कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्यानंतर दीड महिन्याने, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूर येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत धम्मदीक्षेचा सोहळा झाला.

मागणीचा पहिला भाग असा काही काळ प्रत्यक्षात आला. १९९९ च्या कायद्यानंतर, २००० पासून खाजगी कंपन्या पुन्हा या व्यवसायात आल्या. दुसरा भाग, म्हणजे वेतनाच्या प्रमाणात प्रत्येकाला विमा, कधीच अमलात आला नाही. त्यामुळे आज विमा हा हक्क म्हणून मिळत नाही, तो विकला जातो. विकली जाणारी वस्तू पारखून घ्यावी लागते.

विम्याचे मुख्य प्रकार

पॉलिसींची नावे सतत बदलतात. प्रकार मात्र मोजकेच आहेत.

१) मुदत विमा किंवा टर्म : मुदतीत मृत्यू झाल्यास वारसांना पूर्ण रक्कम मिळते. विमेदार हयात राहिल्यास साध्या टर्म पॉलिसीत काहीच परत मिळत नाही. म्हणूनच हप्ता सर्वांत कमी असतो.

२) एंडोमेंट : मुदतीत मृत्यू झाल्यास वारसांना आणि हयात राहिल्यास विमेदाराला विमा रक्कम मिळते. नफ्यातील सहभागाची पॉलिसी असल्यास बोनसही मिळतो. यात विमा थोडा व बचत जास्त असते.

३) मनी बॅक : ठरावीक वर्षांनी थोडी थोडी रक्कम परत मिळते. हप्ता एंडोमेंटपेक्षाही सहसा जास्त पडतो.

४) आजीवन विमा : संरक्षण बहुधा आयुष्यभर राहते.

५) बाल विमा व पेन्शन योजना : या मुख्यतः बचतीच्या योजना आहेत. मुलाच्या नावाची पॉलिसी घेताना कमावत्या पालकाचा मृत्यू झाल्यास पुढील हप्ते माफ होतात की नाही, हे अवश्य विचारावे.

६) युलिप : हप्त्याचा काही भाग शेअर बाजाराशी निगडित निधीत जातो. जोखीम विमेदाराची असते.

हिशेब करून पाहावा

समजा, एका गृहस्थाने वर्षाला सुमारे दहा हजार रुपये हप्त्याची, वीस वर्षे मुदतीची, दोन लाखांची एंडोमेंट पॉलिसी घेतली. त्याच्या घरचा खर्च महिन्याला दहा हजार आहे. तो अकाली गेल्यास दोन लाख आणि जमलेला बोनस घरच्यांना दीड-दोन वर्षे पुरेल. पुढे काय?

आता दुसरी बाजू पाहू. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत हेच दोन लाखांचे संरक्षण १ जून २०२२ पासून वर्षाला ४३६ रुपयांत मिळते. म्हणजे दहा हजारांतील बहुतेक पैसा बचतीसाठी जातो, संरक्षणासाठी नव्हे. बचत वाईट नाही. परंतु बचतीलाच विमा समजणे धोक्याचे आहे. आधी कमावत्या माणसाचे पुरेसे संरक्षण आणि मग बचत, हा क्रम असावा.

विमा विकला कसा जातो?

विमा प्रतिनिधी बहुधा ओळखीचाच असतो. सहकारी, शेजारी, नातेवाईक. "भाऊ, एक पॉलिसी काढाच," म्हटल्यावर नाही म्हणणे जड जाते. त्याला मिळणारे कमिशन हप्त्यावर ठरते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी ते ३५ टक्क्यांपर्यंत जाई. नंतरच्या वर्षी बरेच कमी. टर्म पॉलिसीचा हप्ताच लहान, त्यामुळे कमिशनही लहान. ती क्वचितच आपणहून पुढे केली जाते, यामागचे एक कारण हे आहे. चांगले प्रतिनिधी आहेतच. घरी येऊन हप्त्याची आठवण देणारा आणि दाव्याचे कागद भरून देणारा प्रतिनिधी मोलाचा असतो.

मार्च महिन्यात प्राप्तिकर वाचवण्यासाठी घाईने पॉलिसी घेतली जाते. ही सवलत जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत नाही. बँकेत कर्ज घेताना पॉलिसी पुढे सरकवली जाते. ती सक्तीची आहे काय, हे लेखी विचारावे.

पगारातून कपात होणाऱ्या पॉलिसीत बदली, निलंबन किंवा बिनपगारी रजेच्या काळात हप्ता चुकू शकतो. कापलेली रक्कम मालकाने विमा कंपनीकडे भरलीच नाही, अशा एका प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली विद्युत पुरवठा संस्थेला विमा महामंडळाची प्रतिनिधी ठरवून वारसाच्या बाजूने निकाल दिला. तरीही कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा पगारपत्रक जपून ठेवणे सोपे.

गडचिरोली व जंगलपट्ट्यासाठी

भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा भागातील मजुराकडे उत्पन्नाचा कागद नसतो. मोठ्या रकमेची टर्म पॉलिसी त्याला सहजी मिळत नाही. त्याच्यासाठी पुढील मार्ग आहेत.

जीवन ज्योती योजनेत १८ ते ५० वर्षे वयापर्यंत नाव नोंदवता येते आणि संरक्षण ५५ पर्यंत चालते. पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज अन्य मृत्यूस रक्कम मिळत नाही. सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत, १८ ते ७० वयोगटासाठी असून अपघाती मृत्यूस दोन लाख देते. सर्पदंश किंवा झाडावरून पडणे अशा घटनांत तात्काळ दवाखान्याची नोंद आवश्यक असते. म्हणून साप चावल्यास आधी दवाखाना. जीवही वाचेल आणि नोंदही होईल. दोन्ही योजनांचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात असतो. तेव्हाच खात्यात ४५६ रुपये शिल्लक ठेवावेत, नाहीतर विमा बंद पडतो.

ग्रामीण भागात राहणाऱ्यांसाठी २४ मार्च १९९५ पासून ग्रामीण डाक जीवन विमा सुरू आहे. गावच्या डाकघरातच हप्ता भरता येतो. त्याशिवाय १ जानेवारी २०२१ पासून सर्व कंपन्यांना 'सरल जीवन विमा' ही एकसारख्या अटींची टर्म पॉलिसी देणे बंधनकारक करण्यात आले. तिच्यात व्यवसाय, शिक्षण किंवा राहण्याचे ठिकाण यांवरून अडवणूक न करण्याची अट होती. प्रतिनिधीकडे तिची चौकशी करावी.

हे लक्षात ठेवावे

अर्जातील आजार, वय, व्यसन याची माहिती खरी लिहावी. कोऱ्या अर्जावर सही करू नये. २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती नापसंत असल्यास परत करता येते. मासिक हप्त्यास १५ व इतर हप्त्यांस ३० दिवसांची सवलत असते. बंद पडलेली साधी पॉलिसी सामान्यतः पाच वर्षांत पुन्हा सुरू करता येते. लग्नानंतर नॉमिनीचे नाव तपासावे. तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने पॉलिसीवर हरकत घेता येत नाही, असे २०१५ च्या दुरुस्तीनंतरचे कलम ४५ सांगते. दावा नाकारल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि न्याय न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

विद्यार्थी मित्रांना आमची एक विनंती आहे. घरातील पॉलिसीचे कागद एकदा बाहेर काढावेत. विमा रक्कम, हप्ता, शेवटची तारीख आणि नॉमिनी या चार गोष्टी वहीत लिहून आईला वाचून दाखवाव्यात आणि वही कोठे ठेवली तेही सांगावे. कपाटात पॉलिसी आहे आणि घरात कोणालाच माहीत नाही, असे झाल्यास भरलेला प्रत्येक हप्ता वाया गेला असे समजावे.