टाकीवर सावली

मे महिन्यातली दुपार, दीड वाजलाय. पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या शेडच्या दारातच मी थबकतो. लांबवर प्रबळगड धुरकटलाय, वारा पार पडलाय. आत पाच आठवड्यांचे ब्रॉयलर पक्षी भाताच्या तुसावर पंख फाकून बसलेत. चोची उघड्या, गळे लकलकताहेत.

कोंबडीला घाम येत नाही. अंग मुळातच 41 अंशांचं, आणि वरचा ताप मुख्यतः धापा टाकून बाहेर काढायचा. देशावरच्या कोरड्या उन्हात ते थोडंफार साधतं. इथल्या दमट हवेत धापेतली वाफ नीट उडत नाही.

“उनान नाय दादा, या घामट हवेन मरतान,” शेड सांभाळणाऱ्या वहिनी म्हणतात. मला 16 एप्रिल 2023 आठवतो. याच तालुक्यात, खारघरच्या मैदानावर, उष्माघातानं 14 माणसं गेली. ही हवा माणसाला सोडत नाही, तिथं या मुक्या जिवांचं काय!

वहिनी बादलीवर फडकं ताणून सकाळपासून भिजवलेली आवळा, तुळस आणि अश्वगंधेची पूड गाळताहेत. चोथा राहिला तर पक्षी ज्यातून पाणी पितात त्या निपलची तोंडं बुजतात, आणि भर उन्हात पाणीच बंद पडतं. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. उष्म्यात मात्र ते कमी पडतं. आवळा तिथं हात देतो. खाद्याची भांडी सकाळीच वर ओढून घेतलीत, कारण पचनाचीही उष्णता होते. ऊन उतरल्यावरच ती खाली येणार.

पत्र्यावर पेंढा आहे, बाजूला ओली गोणपाटं आहेत. तरी पक्षी पाण्याकडे फिरकत नाहीत. वहिनी पाइपला हात लावतात आणि झटकन मागे घेतात. टाकी उन्हात आहे. वहिनी पाइपचं टोक उघडतात. कढत पाणी बाहेर वाहून जातं, मग टाकीत विहिरीचं गार पाणी येतं. त्यात गाळलेला अर्क पडतो. दोन-चार मिनिटं काहीच होत नाही. मग एक पक्षी कसाबसा उठतो, निपलला चोच लावतो. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बघता बघता अख्खी रांग लागते.

शेडवाल्यांनो, आवळा-अश्वगंधा जरूर द्या. पण आज घरी गेल्यावर आधी टाकीवर सावली करा.