हात बसेना तो दिवस

सकाळी ६:४५

शटर वर केलं आणि पहिली नजर कोपऱ्यातल्या रॉडच्या ओव्हनकडे गेली. दिवा बंद. काल संध्याकाळी परतीच्या पावसानं झोडपून काढलं, लाइट गेली, आणि निघताना मी सवयीनं सगळी बटणं खाली केली, त्यात ओव्हनचंही केलं. आत ७०१८ चे रॉड रात्रभर ओल्या हवेत थंड पडून होते.

बाहेरच्या माणसाला रॉड म्हणजे रॉड. पण ७०१८ हा जोखमीच्या सांध्याचा रॉड आहे. त्याच्या वरच्या लेपाला ओल पटकन लागते. ती ओल आर्कच्या उष्णतेत फुटते, तिच्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो, आणि जाड किंवा कडक पोलाद असेल तर वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही आतून तडकतं. वरून सांधा देखणाच दिसतो. म्हणून हे रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजायचे आणि वापरेपर्यंत गरमच ठेवायचे. बटण दाबलं. म्हणजे ट्रॉलीचं काम नऊच्या आधी सुरू होणार नव्हतं, आणि आबा ट्रॉली घेऊन आठला येणार होते.

कोल्हापूरच्या या पट्ट्यात ऑक्टोबर म्हणजे आमचा घाईचा महिना. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर असतो आणि वर्षभर बांधाला उभी असलेली ट्रॉली शेतकऱ्याला आत्ताच आठवते. तक्रार नाही, यावरच घर चालतं. पण या महिन्यात सकाळचे दोन तास वाया गेले की ते दिवसभर मागे लागतात.

८:१०

आबा आले. “दहापतुर हुईल न्हवं?” मी म्हटलं, “आबा, रॉड भाजायला टाकलेत. दुपारपर्यंत धरा.” ते काही बोलले नाहीत. ट्रॅक्टर सावलीला लावला आणि बाकड्यावर बसले. गिऱ्हाईक भांडलं तर काम सुचतं. गप्प बसून राहिलं की हात भराभर चालायला लागतात आणि डोकं मागे राहतं.

तेवढ्या वेळात एका बंगल्याच्या गेटचं काम ओढलं. माझ्या टेपची पुढची आकडी झिजून हलते, म्हणून मी माप शून्यावरून न धरता दहावरून धरतो आणि शेवटी दहा मिळवतो. ही रीत बहुतेक फॅब्रिकेटरची आहे. आज दहावरून धरलं आणि दहा मिळवायचे राहिले. ११८ सेंटिमीटरचा तुकडा हवा होता, १०८ चा निघाला. तेवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं. पण पहिला तुकडा कापला की बाकीचे त्याच्यावरच ठेवून मारायचे, वेगळं मापायचं नाही. त्यामुळे एकाचे चार झाले. ४० बाय ४० चा चौकोनी पाइप, चार तुकडे, चारही अगदी एकसारखे आणि चारही आखूड. चौकटीला लावून बघितल्यावरच कळलं.

९:४०

नवे तुकडे कापून चौकट जुळवली. मशिनवर कालचा करंट तसाच होता, १३०. तो जाड चॅनेलसाठी होता. हा पाइप जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा. रॉड टेकवला आणि कोपऱ्याला भोक पडलं. करंट ७५ वर आणला, अडीचचा रॉड घेतला, भोक भरलं, घासलं. पाच मिनिटं गेली, त्याचं विशेष नाही.

पुढची चूक जास्त लागली. चौकटीला आधी चारही कोपऱ्यांना टाके मारायचे, गुण्या लावायचा, दोन्ही कर्ण मोजायचे, मग एक कोपरा इकडचा, एक तिकडचा असं उलटसुलट वेल्ड करायचं. लोखंड वितळून थिजताना आखडतं, आणि ज्या बाजूला वेल्ड पडलं त्या बाजूला पाइप ओढून घेतं. हे मी माझ्याकडच्या पोराला शंभर वेळा सांगितलंय. आज मीच एका बाजूचे दोन कोपरे सलग पूर्ण करून टाकले. मग कर्ण मोजले तर ११ मिलिमीटरचा फरक. गेटला ११ मिलिमीटर म्हणजे कडी कोयंड्यात बसणार नाही. एक कोपरा ग्राइंडरनं उघडला, शिकंजा लावून चौकट ओढली, पुन्हा टाके मारले.

११:०५

पोराचं बोट भाजलं.

उघडलेल्या कोपऱ्यातला पाइपचा तुकडा मी फरशीवर टाकला होता. लोखंड लाल असेपर्यंत कुणी हात लावत नाही. ते काळं पडलं की घात होतो, कारण चारशे अंशांवरही ते दिवसाउजेडी थंडच दिसतं. म्हणून आमच्याकडे नियम आहे: गरम तुकडा ठेवला की बाजूला खडूनं ‘गरम’ लिहायचं. मी लिहिलं नाही. पोरगं झाडलोट करत होतं, त्यानं तो उचलला.

त्याचा हात धरून नळाखाली नेला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली ठेवला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं टूथपेस्ट आणून दिली, मी लावू दिली नाही. ती उष्णता आतच कोंडते आणि डॉक्टरला जखम दिसत नाही. पोरगं म्हणत होतं, “असूं दे मिस्त्री, एवढं काय न्हाई.” अठराचं पोर आहे. गेल्या वर्षी आयटीआय करून आलं. त्याच्या आईनं माझ्या भरवशावर सोडलंय. त्या वीस मिनिटांत आबांची ट्रॉली, गेट, काहीच डोक्यात नव्हतं. दवाखान्यात नेलं, मलमपट्टी झाली. घरी जा म्हटलं तर गेलं नाही.

१२:३०

रॉड कधीचे तयार. आता ट्रॉली.

पुढचा त्रिकोण, म्हणजे दोन चॅनेल येऊन जिथे ट्रॅक्टरला अडकायची कडी असते तो भाग. सगळा भार यातून ओढला जातो. उजव्या चॅनेलवर पूर्वी कुणीतरी मजबुतीची पट्टी जोडली होती, आणि बरोबर तिच्या वेल्डच्या टोकापासून तडा निघाला होता, बोटभर लांब. हे नेहमीचं आहे. पट्टी जिथे एकदम संपते तिथे ताण गोळा होतो.

अर्थिंगचा चिमटा लावायला स्वच्छ लोखंड शोधलं. ट्रॉलीला सगळीकडे चिखल आणि रंग, म्हणून चिमटा ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला लावला. होल्डर हातात घेतला आणि थांबलो. ट्रॅक्टर अजून जोडलेलाच होता, बॅटरीही जोडलेली. करंट कडीतून, ट्रॅक्टरच्या अंगातून फिरला असता. अल्टरनेटर जाऊ शकतो, बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर बारीक डाग पडतात आणि महिनाभरानं ते घरघरायला लागतं. त्या वेळी कुणाला वेल्डिंग आठवणार नाही. ट्रॅक्टर सोडवून पुढे घ्यायला लावला, चॅनेल घासून चिमटा तड्यापासून वीतभर अंतरावर लावला. दिवसातली ही एकच चूक वेळेत हाती लागली.

२:१५

आज डबा उघडलाच नाही. आबा तीनदा घड्याळ बघून गेले होते.

तड्याला आधी टोकाशी भोक पाडायचं असतं. सहा-आठ मिलिमीटरचं, आणि डोळ्याला टोक दिसतं त्याच्या जरा पुढे, कारण खरं टोक दिसत नाही. तड्याचं टोक सुईसारखं अणकुचीदार असतं, भोकाचा गोल काठ ताण पसरवतो, तडा तिथे थांबतो. मग ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच, मग वेल्ड.

मी थेट खाच मारली. तीन पॉइंट पंधराचा रॉड, करंट ११५, पहिला थर छान बसला. स्लॅगची खपली आपोआप सुटून आली, हे चांगल्या वेल्डचं लक्षण. वायर ब्रश मारत होतो आणि आवाज आला. टक्. फार मोठा नाही, वाळकी काटकी मोडल्यासारखा. वेल्ड थंड होताना आखडलं, त्यानं तड्याचं मोकळं टोक ओढलं, आणि तडा अजून अडीच सेंटिमीटर चॅनेलच्या बगलेत शिरला.

आमच्या आयटीआयच्या मास्तरांनी वर्गात एका जहाजाची गोष्ट सांगितली होती. १९४३ च्या जानेवारीत, अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज थंडीत मोठा आवाज होऊन मधोमध फाटलं. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं होतं, आणि काही वेल्ड सदोष होते. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या काठाशी थांबण्याची शक्यता असते. वेल्डनं सगळे पत्रे एकच होतात, त्यामुळे तडा एकातून दुसऱ्यात जातो. मास्तर म्हणायचे, तुम्ही जोडता तेव्हा तड्यालाही रस्ता करून देता. ट्रॉलीसमोर गुडघ्यावर बसून ते वाक्य मला तेवढ्याच स्पष्ट ऐकू आलं.

यावर पुटी भरून काळा रंग मारला असता तर आबांना कळलं नसतं. ही गोष्ट लिहून ठेवतो, कारण आमच्या धंद्यात असं होतं, आणि मग त्या ट्रॉलीवर दहा टन ऊस आणि वर दोन पोरं बसून घाट उतरतात.

आबांना बोलावून तडा दाखवला. “माझं चुकलं. भोक पाडायला पाहिजे होतं. आता सगळं काढून परत करणार, त्याचे पैसे नाहीत.” आबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “कर सावकाश. मी जेवून येतो.”

४:००

पूर्ण वेल्ड घासून काढलं. तडा नक्की कुठं संपतो हे बघायला जुनी रीत केली: रॉकेल चोळलं, दहा मिनिटं थांबलो, कोरड्या फडक्यानं पुसून घेतलं आणि खडूची पूड लावली. तड्यात शिरलेलं रॉकेल परत पाझरतं आणि पांढऱ्यावर केसासारखी काळसर रेघ उठते. ती रेघ संपली त्याच्या पुढे आठचं भोक पाडलं. मग खाच, मग थरावर थर, प्रत्येक थराला खपली काढून, ब्रश मारून. भोकही शेवटी भरून घेतलं. वरून बसवायची पट्टी या वेळी टोकाला निमुळती कापली, म्हणजे ती एकदम संपणार नाही.

पट्टी धरायला पोराचा एकच हात चालत होता. म्हणून एका हातानं मी धरली आणि दुसऱ्यानं टाके मारले. शील्ड धरायला हात उरला नाही. डोळे मिटायचे, मान वळवायची, टाका मारायचा. सहा टाके झाले.

६:५०

अंधार पडला. ट्रॉली जोडून आबा गेले. जाताना पोराच्या हातात पन्नासची नोट ठेवली. गेटची चौकट भिंतीला टेकवून ठेवली, ती उद्या. ओव्हन बघितला, बटण चालू आहे. पुन्हा बघितला.

रात्री १२:२०

डोळ्यांत वाळू टाकल्यासारखं झालंय. उघडत नाहीत, पाणी थांबत नाही. ही टाक्यांची किंमत. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा थर पोळतो, पण लगेच कळत नाही, सहा ते बारा तासांनी झोपेत उठवतं. डोळे मिटले म्हणून काही होत नाही असं नाही. एक निमिष उशीर झाला तरी पुरतो. हिनं गार पाण्याची पट्टी ठेवलीय. दुधाचा आणि बटाट्याचा विषय निघाला, मी नको म्हटलं. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाईन. भूल देणारे थेंब मेडिकलमधून आपल्या मनानं आणायचे नाहीत, त्यांनी दुखणं थांबतं पण डोळा बरा व्हायला वेळ लागतो.

पट्टीखाली काळोखात त्रिकोणच दिसत राहिला. उजवा चॅनेल, खडूची रेघ, भोक, थर. आणि मग डावा चॅनेल. त्यावरही तीच जुनी पट्टी, तशीच एकदम संपणारी, त्याच हातानं जोडलेली. तिकडे मी रॉकेल लावलंच नाही. उजेड गेला होता आणि मला काम संपवायचं होतं.

हिला म्हटलं, फोन लावून दे.

“आबा, झोपला होता काय? मी बोलतोय. उद्या सोयाबीन भरू नका. रिकामी ट्रॉली पहिल्यांदा माझ्याकडं आणा. डावी बाजू बघायची राहिलीय.”

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग आबा म्हणाले, “किती वाजता आणू?”